टायर अचानक फुटत नाही

एक्स्प्रेस-वेवर टायर फुटून अपघात झाल्याची बातमी आली की आपण उन्हाला किंवा नशिबाला बोल लावून मोकळे होतो. ‘अचानक टायर फुटला’ हे वाक्य त्या बातमीत ठरलेलंच असतं. खरं तर बहुतेक टायर फुटायच्या आधी कित्येक दिवस, कधी कधी कित्येक महिने, खुणा दाखवत असतात. हवा कमी होत असते, एकच कड झिजत असते, बाजूला फुगा आलेला असतो, नाहीतर रबर वाळून भेगाळलेलं असतं. या खुणा ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. आणि पुण्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्या ओळखता यायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं. सोमवार ते शुक्रवार आपली गाडी सिंहगड रस्त्यावर नाहीतर हिंजवडीच्या वाटेवर खड्डे, खचलेली चेंबरची झाकणं आणि स्पीडब्रेकर खात रखडत असते. शनिवारी पहाटे तीच गाडी घरचे सगळे, बॅगा, डबे घेऊन काँक्रीटच्या रस्त्यावर शंभराच्या वेगाने निघते. आठवडाभर टायरला झालेल्या इजेचा कस त्या दिवशी लागतो.

आधी हवेचं समजून घेऊ, कारण निम्म्याहून जास्त गोष्ट तिथेच आहे.

गाडीचं वजन पेलते ती टायरमधली हवा. रबर, आतले धागे आणि पोलादी तारांचे पट्टे यांचं काम ती हवा कोंडून धरायचं. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या चार तळहातांच्या भरवशावर. चाक फिरतं तसा टायरचा प्रत्येक भाग जमिनीवर आला की दबतो आणि वर गेला की सुटतो. मधल्या आकाराच्या गाडीचं चाक ताशी १०० किमी वेगाला सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, म्हणजे हे दबणं-सुटणंही सेकंदाला तितक्याच वेळा होतं. दरवेळी थोडी उष्णता तयार होते. हवा पुरेशी असेल तर टायर कमी दबतो आणि ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असेल तर बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, फार वाकते आणि उष्णता निघून जाण्यापेक्षा साठण्याचा वेग वाढतो. रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. आतल्या थरांना धरून ठेवणारी पकड तापून सैल होते, थर एकमेकांपासून सुटतात, आणि मग तो आवाज होतो. त्यात गाडीत माणसं आणि सामान जास्त असेल, वेग जास्त असेल, तर हे सगळं आणखी लवकर घडतं.

म्हणूनच ‘उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमीच ठेवा, गरम होऊन फुटेल’ हा सल्ला इतका घातक आहे. तो प्रेमाने दिला जातो, घरातली मोठी माणसं देतात, हवा भरणारेही देतात. पण कमी हवेचाच टायर जास्त तापतो. चालून चालून गरम झालेल्या टायरचा दाब चार-सहा पॉइंटने वाढतो, आणि हे टायर बनवणाऱ्यांनी आणि गाडी बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेलं असतं. खालापूरच्या फूडमॉलला थांबल्यावर दाब मोजणाऱ्या गेजवर ३८ दिसलं म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर तोच टायर गरजेपेक्षा खाली गेलेला असेल.

हवा किती भरायची हे ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं, आणि गाडीच्या पुस्तकात तर असतंच. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि एक गाडी भरलेली असेल तेव्हासाठी. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात. टायरच्या अंगावर छापलेला दाब मात्र भरायचा नसतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. पंपावर चित्र वेगळंच असतं.

“ताई, किती ठेवू? सगळ्यांना पस्तीसच मारतो.”

“नको दादा, ह्या गाडीला तेहतीस आहे. आणि डिकीतली स्टेपनीपण बघा.”

एवढं बोलायला संकोच वाटू नये. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा आपला हक्क आहे, आणि आपल्या गाडीचा आकडा आपणच सांगायचा असतो.

हवा तपासायची ती टायर गार असताना. म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतच चाललेली असताना. त्यासाठी छोटा गेज विकत घेऊन गाडीत ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच तपासता येतं. पंचर नसलेल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पॉइंट हवा कमी होते. शिवाय बाहेरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पॉइंट कमी दिसतो. मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे पुरत नाही ती यामुळे. कोकणात जाणाऱ्यांसाठी एक गंमतीची गोष्ट: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, त्यामुळे इथे ३३ भरलेला टायर अलिबागच्या किनाऱ्यावर, तापमान तेच असेल तर, साधारण ३२ दाखवेल. काळजीचं कारण नाही, पण ‘कुणी हवा काढली का’ असा संशय घ्यायचंही कारण नाही.

नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, इतकाच फायदा. तो जवळ मिळत नाही म्हणून महिनाभर हवा न तपासणं हे मोठं नुकसान. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही.

नव्या गाड्यांत दाब कमी झाल्यावर पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत चाकात खरा सेन्सर असतो, काहींत एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा अंदाज घेतला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते, आणि चारही टायर सारखेच हळूहळू बसले तर तिला ते नीट कळत नाही. तेव्हा दिवा आहे म्हणून गेज माळ्यावर टाकू नका.

टायर काय सांगतो

स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी उभी करा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कडही दिसेल. ही आतली कडच सगळ्यात फसवी. बाहेरून टायर झकास दिसतो आणि आत तारा उघड्या पडायला आलेल्या असतात. दोन्ही कडा झिजल्या असतील आणि मधला भाग शिल्लक असेल, तर गाडी बराच काळ कमी हवेवर चालली आहे. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन आणि दिशा, बिघडलं आहे. आता तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेने टोचलं, तर चाकं सरळ न धावता किंचित फरफटत आहेत. ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखे लागले तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे ना ते) नाहीतर शॉकअब्सॉर्बर बघून घ्या. दुखणं तिथे असताना नुसता टायर बदलला, तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल.

खड्ड्यात जोरात आपटल्यावर लगेच दिसणारी इजा म्हणजे रिमला पोचा. न दिसणारी इजा आतल्या धाग्यांना होते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते, आतले धागे तुटतात, आणि दोन-चार दिवसांनी तिथे लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. त्या जागी आता हवेला फक्त रबराने अडवलेलं असतं. फुग्यावर पॅच नाही, कसलीही दुरुस्ती नाही. तो टायर बदलायचाच, आणि बदलेपर्यंत एक्स्प्रेस-वेवर न्यायचा नाही. पुण्यात पावसाळा संपता संपता असे फुगे खूप दिसतात, कारण पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते कळतच नाही. पाणी भरलेल्या खड्ड्यात जोरात आपटलात, तर त्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या साइडवॉल हाताने चाचपून बघा. आतल्या बाजूच्याही.

टायरच्या खाचांत तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. बाजूला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ (झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं दिसली की त्याच्या सरळ रेषेत शोधा, सापडतील. हे उंचवटे १.६ मिमी उंचीचे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की तो टायर रस्त्यावर चालवणं नियमाप्रमाणेही चुकीचं. माझं मत विचाराल तर जून उजाडायच्या आधी खाचा तीन मिमीच्या खाली गेल्या असतील तर थांबू नये. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकणं हे आहे. खाच उथळ असेल तर पाणी निघायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टीअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही. अगदी कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही बऱ्यापैकी धरतो. म्हणूनच ‘अजून चालतोय की’ असं म्हणत आपण पहिल्या मोठ्या पावसापर्यंत पोचतो.

झीज नसली तरी वय असतं. साइडवॉलवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वापरलं नाही तरी ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतं. मुलं परदेशात, गाडी कोथरूडच्या सोसायटीत उभी, महिन्यातून एकदा देवदर्शनाला आणि वर्षातून दोनदा गावाला, अशा गाड्यांचे टायर दिसायला नव्यासारखे आणि आतून म्हातारे असतात. आई-वडिलांची गाडी अशी असेल तर पुढच्या खेपेला तेवढे चार आकडे वाचून घ्या. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांपुढचा टायर खाचा कितीही असल्या तरी चालवू नये, असं टायर कंपन्याच सांगतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि भरून लांब जाणाऱ्या गाडीला मी सहा-सात वर्षांतच नवे टायर घालीन.

पंचर

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा लगेच जात नाही, कारण खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. तो रस्त्यावर ओढून काढू नका. हवा भरून हळू दुकानापर्यंत जा. भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात आणि सहा मिमीपर्यंतचं असेल तर दुरुस्ती होते. खांद्याजवळ, म्हणजे टायरच्या कडेला, किंवा साइडवॉलवर असेल तर होत नाही, कुणी करून देतो म्हटलं तरी नाही. बाहेरून दोरी ओढून बसवलेली स्ट्रिप वेळ निभावून नेते. लांब पल्ल्याला जाणार असाल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा आणि आत टोपी बसणारा पॅच, लावलेला बरा. पैसे जास्त लागतात, वेळही लागतो, पण टायर उतरल्यामुळे आतलं दिसतं, आणि ते पाहण्यासारखं असतं. आत हात घालून बोटं फिरवा. काळ्या रबराचा भुगा हाताला लागला, किंवा साइडवॉलच्या आत गोल फिरलेला खरवडल्याचा पट्टा दिसला, तर तो टायर हवा नसताना चालवला गेला आहे. बाहेरून त्याला काहीही झालेलं दिसत नाही. पंचर काढून हवा भरली की तो उभाही राहतो. पण त्याची साइडवॉल आतून कातरली गेलेली असते, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात तोच फुटतो. पंचर झाल्यावर ‘दुकान जवळच आहे, दोन किलोमीटर ढकलू’ म्हणणं टायरच्या जिवावर बेततं ते असं.

एक-दोन भोकांचं बिल सहा भोकांचं होत असेल तर समोर उभं राहून प्रत्येक ठिकाणी साबणाचं पाणी टाकायला सांगा. बुडबुडे आले तरच भोक. बुडबुडे व्हॉल्व्हपाशीही बघा. रबरी व्हॉल्व्हही वाळतो, आणि नवा टायर घालताना तो बदलून घ्यावा.

रस्त्यावर चाक बदलताना

सगळ्यात आधी जागा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना पंचर झालं तर त्या उतारावर चाक बदलायला बसू नका. मागून भरलेले ट्रक येत असतात. हॅझर्ड लाइट लावून, टायर गेला तर गेला, हळूहळू पूर्ण डावीकडे सुरक्षित सपाट जागी या. एक्स्प्रेस-वेवर तर सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. रहदारीच्या बाजूचं चाक स्वतः बदलायचा हट्ट नको. जिवाला धोका असेल तर ११२. वेगात असताना टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, गाडीला आपोआप मंद होऊ द्या आणि मगच बाजूला घ्या.

सुरक्षित सपाट जागा मिळाली की हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा, मोठ्या रस्त्यावर आणखी लांब. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, अर्धा आटा. गाडी जॅकवर चढवून पान्यावर जोर लावला की जॅक घसरतो. जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्यावर खूण करून दाखवलेली असते, तिथेच लावा. उचलल्यावर स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक सटकलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक काढलं की ते गाडीखाली आणि स्टेपनी बाहेर. गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. नवं चाक बसवून नट हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गाडी खाली घ्या आणि मग पूर्ण आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा पाना लावून बघा. स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ८०, पाळायचीच.

हे सगळं एकदा घरी करून बघा, घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने. दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट अनेकदा हाताच्या पान्याने हलतच नाहीत, आणि हे ताम्हिणीत भर पावसात कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं चांगलं. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरमुळे स्टेपनी कुठे गेली आहे आणि ती काढायची कशी, तेही पाहून ठेवा. आणि स्टेपनी आहे ना, याचीही खात्री करा. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंचरचं किट असलेल्या गाड्यांना २०२० पासून स्टेपनीशिवाय विकायला परवानगी आहे. किटमधला द्रव छोट्या भोकापुरता असतो. कापलेल्या साइडवॉलला तो उपयोगाचा नाही.

नवे टायर घेताना

नाना पेठेत जा, शोरूमला जा, कुठेही जा, आधी स्टिकरवरचा आकार लिहून न्या. १८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ असा: रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम, एका टायरची क्षमता ५६० किलो, कमाल वेग ताशी २१०. शेवटचे दोन आकडे आणि अक्षर विसरले जातात, आणि स्वस्तातला पर्याय नेमका तिथेच उतरलेला असतो. गाडीला ८८ सांगितलं असेल तर ८४ घेऊ नका. आयएसआय खूण बघा, कारची टायरं भारतात त्याशिवाय विकता येत नाहीत. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर कारला लावू नका.

पैसे दोनच टायरांचे असतील तर नवे दोन मागे घाला. यावर दुकानात वाद होतो, कारण पुढचे टायर लवकर झिजतात आणि ‘नवे पुढेच हवेत’ असं सगळ्यांना वाटतं. पण पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची तशी वळत नाही, सरळ जाऊ पाहते. ते स्टीअरिंगमध्ये लगेच जाणवतं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुधा पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आधी काहीच कळत नाही, आणि ती सावरणं नेहमीच्या ड्रायव्हरला जमत नाही. म्हणून जास्त खाचांचे टायर मागे, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या. हा प्रसंग येऊच नये असं वाटत असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे, मागची पुढे करून घ्या, म्हणजे चारही सारखे झिजतील आणि एकदमच बदलता येतील.

टायर बसवायच्या आधी ते बनल्याच्या तारखेचे चार आकडे स्वतः वाचा. वर्षाच्या आतले असतील तर उत्तम, दोन वर्षांहून जुने असतील तर दुसरे मागा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, नट शेवटी टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक जरा आधीपासून लावा. बिलावर चारही टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटी मागायची वेळ आली तर दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो. जुने टायर तिथेच सोडा. गच्चीत नेऊन ठेवले तर पावसाचं पाणी साठून त्यात डेंगीचे डास होतात.